कापड रंगणीतलं सांडपाणी परत वापरायचं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी, तारापूर अशा ठिकाणी सुती सूत आणि कापड रंगवणारे, रोज १०० ते ५०० घनमीटर सांडपाणी सोडणारे कारखाने डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. हिशेबात 'केएल' म्हणजे हजार लिटर आणि 'केएलडी' म्हणजे दिवसाला तितके हजार लिटर. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करणारा प्लांट आणि आरओ म्हणजे दाबाने मेंब्रेनमधून पाणी गाळून क्षार वेगळे करणारा प्लांट. रुपयांचे आकडे फक्त हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत, त्यांच्या जागी तुमच्या बिलातले घाला.

पाणी परत वापरायचं ठरवलं. आरओचं कोटेशन कोणाकडून मागवावं?

अजून कोणाकडूनच नको. आधी पाणी कुठे जातं ते मोजा. बोअर, एमआयडीसीची लाइन, टँकर, सॉफ्टनर (पाण्याचा कठीणपणा काढणारा), बॉयलर, प्रत्येक विभागाची मुख्य लाइन आणि ईटीपीचं तोंड अशा सात-आठ ठिकाणी मीटर बसवा आणि सलग सात दिवस दर पाळीला वाचन घ्या. एक आठवडा यासाठी, की सोमवारी पांढरं आणि शुक्रवारी काळं-नेव्ही असा माल चालत असेल, तर एका दिवसाच्या नमुन्यावरून काहीच कळत नाही.

आत आलेलं पाणी आणि बाहेर गेलेलं पाणी यांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला आणि बाष्पीभवनाने तो भरून निघत नसेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा एखादा नळ चोवीस तास उघडा आहे. कापड रंगवायच्या जेट मशीनच्या कूलिंगचं पाणी थेट गटारात सोडलेलं सापडणं ही तर नेहमीची गोष्ट. ते पाणी स्वच्छ आणि वर गरमही असतं.

सगळं सांडपाणी एका हौदात घेऊन एकदमच साफ का करू नये?

करता येतं, पण मग मीठ सगळ्या पाण्यात पसरतं आणि खर्च तिथेच वाढतो. एका लॉटचा हिशेब पाहू.

१,००० किलो सुती कापड, बाथ (मशीनमधलं रंगाचं द्रावण) १:८, म्हणजे किलोमागे ८ लिटर, एकूण ८ केएल पाणी. रिअॅक्टिव्ह रंगाच्या मध्यम-गडद शेडला लिटरमागे ६० ग्रॅम मीठ धरलं, तर ४८० किलो मीठ पडलं. स्कावरिंगपासून (कापडातलं तेल-मेण काढणं) सोपिंगपर्यंत (रंगानंतरचं साबणाचं धुणं) या लॉटला एकूण ८० केएल पाणी लागलं असं धरा. सगळं एकत्र केलं, तर नुसत्या या मिठामुळेच सरासरी टीडीएस लिटरमागे ६,००० मिलिग्रॅम होतो.

आता रंगाचा बाथ सोडताना कापड स्वतःच्या वजनाच्या सव्वादोन पट पाणी धरून ठेवतं असं माना. मग ८ पैकी ५.७५ केएल पाणी बाहेर येतं आणि त्याबरोबर ३४५ किलो मीठ जातं. कापडात १३५ किलो उरतं. पहिल्या थंड धुण्याला बाथ परत ८ केएल भरला, की तो सोडताना आणखी ९७ किलो निघतं. दोन्ही मिळून साडेअकरा केएल पाण्यात ४४२ किलो, म्हणजे ९२ टक्के मीठ गेलं. उरलेल्या साडेअडुसष्ट केएलमध्ये फक्त ३८ किलो राहिलं, लिटरमागे साधारण ५५० मिलिग्रॅम. सोडा आणि मूळ पाण्याचे क्षार धरूनही हे पाणी आरओला सहज झेपतं.

म्हणजे प्रत्येक मशीनच्या ड्रेनला दोन व्हॉल्व्ह आणि दोन लाइनी: रंगाचा बाथ आणि पहिलं धुणं एका टाकीत, बाकी सगळं दुसऱ्या टाकीत. हे काम पाइप, व्हॉल्व्ह आणि थोड्या खोदाईचं आहे आणि प्लांटवरच्या खर्चाच्या मानाने किरकोळ आहे. तरी बहुतेक ठिकाणी ते शेवटी सुचतं, कारण गटार दाखवायला कोणी पाहुणा नेत नाही.

व्हॉल्व्ह हाताने फिरवायचा असेल, तर रात्रपाळीत तो फिरत नाही हे गृहीत धरा. ड्रेनवर कंडक्टिव्हिटी सेन्सर (वीज किती वाहते त्यावरून क्षार ओळखणारा) आणि हवेवर चालणारा व्हॉल्व्ह लावा, ठरावीक वाचनाच्या वर पाणी आपोआप मिठाच्या लाइनीत वळू द्या. सेन्सरवर लिंट (कापडाचे बारीक तंतू) बसते, म्हणून तो दर आठवड्याला काढून पुसायचा.

शुद्ध न करताच परत घेता येईल असं पाणी असतं का?

असतं, आणि पहिली बचत तिथेच करायची.

जेट, सॉफ्ट फ्लो आणि कॉम्प्रेसरच्या कूलिंगचं पाणी गोळा करून गरम पाण्याच्या टाकीत न्या. वाफेचं कंडेन्सेट (थंड होऊन झालेलं पाणी) बॉयलरला परत द्या. बॉयलरच्या फीड पाण्याचं तापमान दर ६ अंशांनी वाढलं, की इंधन सुमारे एक टक्का वाचतं, शिवाय सॉफ्टनरवरचा भार कमी होतो. कॉइल फुटली तर कंडेन्सेटमध्ये रंग किंवा सोडा येतो, म्हणून त्या लाइनीवरही कंडक्टिव्हिटी मीटर हवा. तो नसल्याने बॉयलरमध्ये फेस होऊन वाफेबरोबर पाणी गेल्याचे प्रकार कमी नाहीत.

शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या धुण्याला किंवा स्कावरिंगला चालतं. सलग चालणाऱ्या वॉशिंग रेंजमध्ये पाणी कापडाच्या उलट दिशेने, शेवटच्या कप्प्यातून पहिल्याकडे न्या. उलट दिशेच्या धुण्याचा जोर किती, ते धातूवर मुलामा देणाऱ्या प्लेटिंगवाल्यांच्या हिशेबात नीट दिसतं: तासाला एक लिटर द्राव जॉबबरोबर बाहेर येत असेल आणि तो हजारपट पातळ करायचा असेल, तर एका टाकीला तासाला १,००० लिटर पाणी लागतं, उलट प्रवाहाच्या दोन टाक्यांना साधारण ३२ आणि तीन टाक्यांना १०.

मर्सरायझिंग (कॉस्टिक सोड्याने कापडाला चमक आणणं) असेल तर कॉस्टिकचं धुणं कधीच ईटीपीला सोडू नका. त्यातला कॉस्टिक इव्हॅपोरेटरने दाट करून परत वापरता येतो. ईटीपीला सोडला तर त्याला मारायला आम्ल विकत आणावं लागतं, म्हणजे एकाच कॉस्टिकचे पैसे दोनदा गेले.

गरम ड्रेनची उष्णताही पाण्याइतकीच मोलाची. ८० अंशांचं १० केएल पाणी एक्स्चेंजरमधून ४५ अंशांवर आणलं, तर साडेतीन लाख किलोकॅलरी हाताशी येतात. ३,८०० किलोकॅलरीची ब्रिकेट आणि ७० टक्के कार्यक्षमतेचा बॉयलर धरला, तर ही सुमारे १३० किलो ब्रिकेट झाली. पुढे जैविक टाकीलाही हेच हवं असतं, कारण ४० अंशांच्या वर जिवाणू दमतात.

उरलेल्या पाण्यासाठी प्लांटमध्ये काय काय लागतं आणि केवढं?

मिठाचं ३० केएलडी वेगळं काढून २७० केएलडी सौम्य सांडपाणी उरलं असं समजू.

आधी लिंट अडवायची गाळणी. सुती धाग्याची लिंट पंपात आणि डिफ्यूझरवर दोऱ्यासारखी गुंडाळली जाते, म्हणून इथे १ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक जाळीचा फिरता स्क्रीन हवा. मग समतोल टाकी (वेगवेगळं सांडपाणी एकसारखं करणारी), किमान १२ तासांची, म्हणजे १३५ ते १५० घनमीटर, आणि तळातून हवा. ही टाकी छोटी ठेवून पैसे वाचवले, तर पुढचा प्रत्येक टप्पा त्याची किंमत मोजतो: सकाळी पीएच ११, दुपारी ७, आणि डोसिंग करणारा मागे धावत राहतो.

पीएच ७ ते ७.५ वर आणायचा. सल्फ्युरिक आम्ल स्वस्त असतं, पण जेवढं घालाल तेवढं सल्फेट टीडीएसमध्ये येतं. हायड्रोक्लोरिक घातलं तर क्लोराइड वाढून स्टेनलेस स्टीलला छिद्रं पडतात. बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड धुऊन सोडायची सोय करता आली तर दोन्ही त्रास टळतात.

त्यानंतर जैविक टाकी. बीओडी (जिवाणूंना घाण खायला लागणारा ऑक्सिजन) ४०० मिलिग्रॅम/लिटर धरला, तर दिवसाला १०८ किलो बीओडी येतो. लिटरमागे ३,५०० मिलिग्रॅम स्लज (जिवाणूंचा गाळ) आणि ०.१२ चं अन्न-जिवाणू प्रमाण धरलं, तर टाकी साधारण २६० घनमीटरची, म्हणजे जवळजवळ एका दिवसाच्या मुक्कामाची लागते. विरघळलेला ऑक्सिजन १.५ ते २ मिलिग्रॅम/लिटर. सेटलिंगनंतर रंग आणि उरलेला गाळ काढायला पीएसी (पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड) आणि पॉलिइलेक्ट्रोलाइट ही कण एकत्र गोळा करणारी रसायनं, मग वाळूचा फिल्टर, अतिबारीक छिद्रांचं अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणजे यूएफ, आणि शेवटी आरओ.

रसायनाचा डोस जार टेस्टनेच ठरवा: एक लिटरचे पाच-सहा बीकर, एक मिनीट जोरात, १५ मिनिटं हळू, ३० मिनिटं स्थिर. आठवड्यातून एकदा आणि मोठी शेड बदलली की त्या दिवशी. मागच्या ऑपरेटरने बादलीवर खडूने लिहिलेला डोस आयुष्यभर चालत नाही.

आरओचे किती मेंब्रेन लागतील?

वरच्याच प्लांटला, २० तास चालवल्यास, फीड तासाला १३.५ घनमीटर. पहिल्या आरओला ७० टक्के रिकव्हरी (फीडपैकी शुद्ध होऊन मिळणारं पाणी) धरली तर पाणी ९.४५ घनमीटर. आठ इंची मेंब्रेनचं क्षेत्र सुमारे ३७ चौरस मीटर असतं. सांडपाण्यावर फ्लक्स, म्हणजे चौरस मीटरमागे तासाला मिळणारं पाणी, १४ ते १६ लिटरच्या वर जाऊ नये. म्हणून १८ मेंब्रेन, सहा-सहाच्या तीन व्हेसलमध्ये (मेंब्रेनच्या नळकांड्यांत), पुढे दोन आणि मागे एक अशा रचनेत. फ्लक्स १४ च्या आसपास येतो आणि शेवटच्या व्हेसलमधून तासाला ४ घनमीटर रिजेक्ट (मागे उरलेलं दाट खारं पाणी) वाहतो, म्हणजे गाळ बसू न देण्याइतका वेग राहतो.

कोटेशनमध्ये याच पाण्याला १२ मेंब्रेन लिहिलेले दिसले, तर फ्लक्स २१ धरलाय. बोअरच्या पाण्याला ते चालेल. रंगणीच्या पाण्याला पहिले दोन महिने चालेल.

यूएफला ४५ लिटर फ्लक्स आणि बॅकवॉशचे (उलट्या प्रवाहाने धुण्याचे) ८ टक्के धरून सव्वातीनशे चौरस मीटर लागतात. बॅकवॉशचं पाणी समतोल टाकीत परत जातं, ते वाया जात नाही.

मेंब्रेन तीन-चार महिन्यांत चोक होतात. मेंब्रेन खराब निघाले का?

क्वचितच. कारण बहुधा चार टप्पे मागे असतं, आणि ते शोधायला पहिल्या व्हेसलचं पहिलं मेंब्रेन आणि शेवटच्या व्हेसलचं शेवटचं मेंब्रेन बाहेर काढून बघावं लागतं. घाण आणि बुरशीसारखा चिकट थर पुढून सुरू होतो, क्षारांची पपडी मागून.

पुढचं मेंब्रेन बुळबुळीत असेल, तर जैविक टाकीतून सेंद्रिय पदार्थ निसटतोय. नमुना कुबट वासाचा असेल तर जिवाणूंची वाढ. ती मारायला क्लोरिन टाकतात आणि मग सोडियम मेटाबायसल्फाइटने क्लोरिन काढायला विसरतात. पॉलिअमाइडचा मेंब्रेन क्लोरिनने कायमचा जळतो, साफसफाईने परत येत नाही. हिशेबाने एक मिलिग्रॅम क्लोरिनला दीड मिलिग्रॅमच्या आत बायसल्फाइट पुरतं, प्रत्यक्षात दोन-तीन द्यावं, आणि ओआरपी मीटर (क्लोरिन उरलाय का ते दाखवणारा) चढला की हाय प्रेशर पंप आपोआप बंद पडेल अशी जोडणी हवी.

थर चिकट, पारदर्शक, साबणासारखा असेल तर तीन संशयित: जास्त झालेलं कॅटायनिक पॉलिइलेक्ट्रोलाइट, कापड मऊ करायचा सिलिकॉनचा सॉफ्टनर आणि सिलिकॉनचाच अँटीफोम. जैविक टाकीवर फेस आला की ऑपरेटर हाताशी असलेला अँटीफोम ओततो, फेस बसतो आणि महिन्याभराने मेंब्रेन बसतो. फिनिशिंगच्या पॅडरमधला उरलेला सिलिकॉन ड्रममध्ये काढून ठेवा, गटारात नको.

पांढरट, पिठूळ थर आम्लाने निघाला तर कॅल्शियम कार्बोनेट, आणि तो सोपा. आम्लाने नाही निघाला तर सल्फेट किंवा सिलिका. आपल्याकडच्या बेसाल्टमधल्या बोअरच्या पाण्यात सिलिका बऱ्यापैकी असते. फीडमध्ये ४० मिलिग्रॅम/लिटर असली आणि एकूण रिकव्हरी ८५ टक्के केली, तर रिजेक्टमध्ये ती २६० च्या वर जाते, आणि साध्या तापमानाला सिलिका विरघळण्याची मर्यादा १२० च्या आसपास असते. सॉफ्टनर सिलिका काढत नाही, हे अनेकांना मेंब्रेन काचेसारखे झाल्यावर कळतं. उपाय म्हणजे आधी चुना आणि मॅग्नेशियमने ती खाली आणणं, किंवा रिकव्हरी कमी ठेवणं.

आणखी एक छुपं कारण तुरटी किंवा पीएसीचं. पीएच ८ च्या वर गेला की अॅल्युमिनियम परत विरघळतं, फिल्टरमधून आरामात जातं आणि आरओपाशी पपडी रोखणाऱ्या फॉस्फोनेटच्या अँटीस्केलंटला धरून बसतं. म्हणून पीएसीचा डोस पीएच ६.५ ते ७ ला. हिराकस आणि चुना वापरत असाल तर लोह आणि कठीणपणा दोन्ही वाढतात. आरओ असलेल्या प्लांटला ही जोडी शक्यतो नकोच.

आरओच्या तोंडाशी एसडीआय (पाण्यातला बारीक गाळ मेंब्रेन किती चोक करेल याचा आकडा) ३ च्या आत हवा, ५ च्या वर गेला तर प्लांट थांबवून मागे बघायचं.

सीआयपी (मेंब्रेन न काढता जागेवरच धुणं) कधी करायचं?

दाब वाढून पाणी निम्मं झाल्यावर नाही. तापमानाची दुरुस्ती करून पाणी १० टक्क्यांनी घटलं, किंवा टप्प्यातला दाबफरक १५ टक्क्यांनी वाढला, की लगेच. उशीर झाला तर थर घट्ट होतो.

सेंद्रिय थर असेल तर आधी अल्कली, मग आम्ल. उलट केलं तर आम्लाने सेंद्रिय थर जास्त चिकटतो. अल्कलीला ०.१ टक्का कॉस्टिक, पीएच ११ ते १२, तापमान मेंब्रेन उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत, बहुधा ३५ अंशांच्या आत. आम्लाला २ टक्के सायट्रिक, पीएच २ च्या आसपास. दोन्हीत अर्धा तास फिरवणं, एक तास भिजवणं, परत फिरवणं. द्रावणाचा रंग बदलला तर ते टाकून नवीन करा. सीआयपीचं द्रावण आरओच्या शुद्ध पाण्यातच बनवा, बोअरच्या कठीण पाण्यात कॉस्टिक टाकलं तर साफसफाईतच पपडी तयार होते.

जैविक टाकी वारंवार आजारी पडते. काय बघायचं?

पहिलं, पेरॉक्साइड. ब्लीचिंगच्या बाथमधलं उरलेलं पेरॉक्साइड जिवाणूंना मारतं, शिवाय सीओडीच्या (रसायनाने घाण मोजायच्या) चाचणीत खोटा जास्त आकडा दाखवतं. सीओडी एकाएकी चढलेला दिसला तर आधी पेरॉक्साइडची पट्टी बुडवा.

दुसरं, पोषण. बीओडी, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं प्रमाण १००:५:१ हवं. १०८ किलो बीओडीला रोज साधारण साडेपाच किलो डीएपी आणि साडेनऊ किलो युरिया लागतो. पण प्रिंटिंग असेल तर पेस्टमधला युरिया आधीच भरपूर येतो, तिथे वरून युरिया टाकणं म्हणजे अमोनिया वाढवणं. आधी चाचणी, मग पोतं.

तिसरं, एक लिटरच्या मापात अर्ध्या तासात स्लज किती बसतो ते रोज पाहा. ३,५०० च्या स्लजला ३५० मिलिलिटर बसला तर ठीक. पाचशे-सहाशेवर गेला तर स्लज फुगलाय: हवा कमी, पोषण कमी किंवा सायझिंगची (विणण्याआधी सुताला लावलेली) खळ एकदम आलीय. स्टार्चची खळ जिवाणू खातात, पण एकदम खूप आली की गुदमरतात. पीव्हीएची (कृत्रिम पॉलिमरची) खळ त्यांना सहज पचत नाही आणि पुढे मेंब्रेनला चिकटते.

परत आलेल्या पाण्यात शेड बदलते, अशी तक्रार रंगमास्तर करतात. खरं आहे का?

पाणी बदलत राहिलं तर खरं आहे. आज ३० टक्के परतीचं, उद्या ८० टक्के, परवा टँकर, असं झालं तर कोणतंही पाणी शेड बिघडवेल. मिश्रणाचं प्रमाण ठरवून एका टाकीत करा आणि लॅब डिप (शेडचा छोटा नमुना) त्याच टाकीच्या पाण्यात घ्या. नळाच्या पाण्यात डिप आणि टाकीच्या पाण्यात लॉट केला, तर दोष पाण्यावर ढकलता येतो, पण सापडत नाही.

रंगणीच्या पाण्यात कठीणपणा ५ मिलिग्रॅम/लिटरच्या आत, लोह ०.१ मिलिग्रॅम/लिटरच्या आत, रंग अजिबात नाही, क्लोरिन नाही, हे पाहायचं. लोह जास्त असलं तर पेरॉक्साइड ब्लीचिंगमध्ये कापडाला बारीक भोकं पडतात. आरओचं चांगलं पाणी खरं तर बोअरच्या पाण्यापेक्षा सरस असतं.

एक काळजी: आरओचं पाणी थोडं आम्लधर्मी आणि भुकेलं असतं, जीआय पाइपातून नेलं तर गंज घेऊन येतं. एचडीपीई किंवा सीपीव्हीसीची लाइन टाका.

विक्रेता ९५ टक्के रिकव्हरी सांगतो. मिळेल?

मिळेल, फक्त मीठ कुठे जातं ते त्याला विचारा. ७५ टक्क्यांना क्षार चौपट दाट होतात, ९० ला दहापट, ९५ ला वीसपट. फीड ३,००० चा असेल तर रिजेक्ट ६०,००० चा होणार, आणि दर हजार मिलिग्रॅमला साधारण पाऊण बार ऑस्मोटिक दाब (खारं पाणी मेंब्रेनपाशी उलट लावतं तो) धरला तर ४५ बार नुसता तो ओलांडायलाच लागतात. त्या टप्प्याला समुद्राच्या पाण्याचे मेंब्रेन आणि त्या दाबाचे पंप हवेत. 'पाच टक्के रिजेक्ट' हा आकडा यूएफपर्यंतच्या पाण्यावर आहे की कारखान्याच्या एकूण सांडपाण्यावर, हेही लिहून घ्या.

रिजेक्टचं करायचं काय?

मीठ नाहीसं होत नाही. सामाईक सांडपाणी केंद्राची परवानगी आणि मर्यादा बसत असेल तर तिकडे, नाहीतर मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटर (टप्प्याटप्प्याने पाणी आटवणारा) आणि पुढे ड्रायर. वाळलेला क्षार घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत बाष्पीभवनाचा अवशेष म्हणून ३७.३ या वर्गात, आणि ईटीपीचा रासायनिक गाळ ३५.३ मध्ये येतो. दोन्ही तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी यांसारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्रात मॅनिफेस्टसह (कचऱ्यासोबतच्या नोंदीच्या कागदासह) पाठवायचे.

रंगाचा वेगळा काढलेला बाथ मात्र कचरा समजू नका. कारखान्यात एकच मीठ वापरत असाल, सगळीकडे ग्लॉबर (सोडियम सल्फेट) किंवा सगळीकडे साधं मीठ, तर रंग आणि कठीणपणा काढून ते खारं पाणीच पुढच्या बाथला घेता येतं. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरच्या सामाईक केंद्रांत हे केलं जातं. दोन्ही मिठं मिसळून वापरली, की मिश्र क्षार कोणालाच नको असतो आणि तो गाडायला तुम्हालाच पैसे मोजावे लागतात. खरेदी विभागाने स्वस्त मिळालं म्हणून मीठ बदलणं इथे महाग पडतं.

यात खरंच पैसे वाचतात का?

२७० केएलडीतून एकूण ८५ टक्के रिकव्हरीने २३० केएल पाणी आणि ४० केएल रिजेक्ट. समजा ताजं पाणी ५५ रुपये केएल, सामाईक केंद्राचं शुल्क ३५, सॉफ्टनिंग ८. परतीच्या दर केएलमागे ९८ रुपये वाचतात. जैविक टप्प्यापर्यंतचा खर्च प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रामुळे तसाही करावाच लागतो, म्हणून फक्त यूएफ-आरओचा धरा: वीज १.३ युनिट, ९ रुपयांनी १२, रसायनं ८, आरओ मेंब्रेनची झीज ४, यूएफची ५, माणसं ६, एकूण ३५. फरक ६३ रुपये, दिवसाला साडेचौदा हजार.

आता तेच ४० केएल रिजेक्ट आटवायचं म्हटलं तर? चार इफेक्टच्या इव्हॅपोरेटरला एक टन वाफेत साडेतीन टन पाणी उडतं असं धरा. वाफ १,६०० रुपये टन असेल तर केएलला ४५७ रुपये वाफेचे आणि १५ युनिट विजेचे १३५, म्हणजे सुमारे ६००. दिवसाला २४,००० रुपये. साडेचौदा हजारांची बचत साडेनऊ हजारांच्या तोट्यात गेली, आणि यात वेगळा काढलेला बाथ धरलेलाच नाही.

पण उन्हाळ्यात टँकर १२० रुपये केएलने घेत असाल, तर वाचणारी रक्कम १६३ होते, खर्च वजा जाता १२८, दिवसाला साडेएकोणतीस हजार. इव्हॅपोरेटर भरूनही पाच हजार उरतात. म्हणून पाण्याच्या दरापेक्षा इव्हॅपोरेटरला जाणारा प्रत्येक केएल कमी करणं जास्त महत्त्वाचं, आणि तो ड्रेनपाशीच कमी होतो. व्याज आणि घसारा यात नाही, तो तुमच्या कर्जाप्रमाणे लावा.

शून्य विसर्ग सगळ्यांना बंधनकारक आहे का?

तुमच्या संमतीपत्रात काय लिहिलंय त्यावर. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७४ च्या जल कायद्याखाली उभारणीची आणि चालवण्याची संमती देतं, त्यात किती पाणी, कुठे आणि किती परत वापरायचं हे लिहिलेलं असतं. क्षमता वाढवली किंवा विसर्गाची पद्धत बदलली तर संमती दुरुस्त करून घ्यावी लागते. परतीचं पाणी वाढलं तरी जुन्याच आकड्यांवर चालवणं तपासणीत अंगाशी येतं.

अट किती कडक होऊ शकते ते तिरुप्पूरने पाहिलं आहे. नोय्यल नदी आणि ओरतुपालयम धरणातल्या प्रदूषणावरून जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली रंगणी-ब्लीचिंगची युनिट बंद करायला लावली. पुढे ती शून्य विसर्गाच्या अटीवर सुरू झाली.

सांडपाण्यात ताजं पाणी मिसळून आकडे मर्यादेत बसवणं हा उपाय नाही. मीटर लावलेल्या कारखान्यात ते पाण्याच्या ताळेबंदात लगेच दिसतं.

आपलं पाणी साफ करण्याऐवजी शहराचं सांडपाणी घेतलं तर?

ताज्या पाण्याची गरज भागवायला चांगला पर्याय, आणि टीडीएस सहसा रंगणीच्या पाण्यापेक्षा बराच कमी. नागपूरच्या भांडेवाडी केंद्रातलं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, सुरतेत महापालिका पांडेसराच्या कापड उद्योगाला असंच पाणी पुरवते. मात्र अमोनिया आणि फॉस्फेट तपासून घ्या. आणि तुमचं स्वतःचं सांडपाणी याने कमी होत नाही.

पावसाळ्यात काय वेगळं?

छपराचं पाणी ईटीपीत येऊ देऊ नका. एक हजार चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५० केएल झालं. ते वेगळं साठवलं तर उत्तम रंगणीचं पाणी आहे. उघड्यावर क्षार वाळवायचे ओटे असतील, तर कोकणात जून ते सप्टेंबर ते ओटे राहत नाहीत, तळी होतात.

रोज काय काय लिहून ठेवायचं?

प्रत्येक मीटरचं वाचन, समतोल टाकीचा पीएच आणि टीडीएस, जैविक टाकीचा ऑक्सिजन आणि अर्ध्या तासाचा स्लज, यूएफचा दाबफरक, एसडीआय, ओआरपी, आरओच्या प्रत्येक टप्प्याचा दाब, प्रवाह, तापमान आणि कंडक्टिव्हिटी. रसायनं किलोमध्ये, 'दोन मग' असं नको. या वहीशिवाय मेंब्रेनच्या वॉरंटीचा दावा टिकत नाही. घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरण ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं असतं, त्यालाही हेच आकडे लागतात.

समतोल टाकी साफ करायला माणूस उतरवायचा आहे. किती वेळ हवा सोडून ठेवावी?

वेळेवर नाही, मीटरवर ठरवा. तळच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड असतो आणि गाळ ढवळला की तो एकदम सुटतो. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, त्यामुळे 'वास येत नाही' याला काही अर्थ नाही. चार वायूंचा मीटर दोरीने तळापर्यंत सोडा: ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या आत, ज्वलनशील वायू नाही. टाकीचे इनलेट आणि पंप कुलूप लावून बंद. हवा देणारा ब्लोअर पूर्ण काम चालू असेपर्यंत सुरू, मीटर कामगाराच्या छातीला, हार्नेस आणि तिपाईची दोरी बाहेर, आणि वर एक माणूस ज्याला दुसरं कोणतंही काम नाही. आतला कोसळला तर वरच्याने उडी मारायची नाही, दोरीने ओढायचं. शक्य असेल तिथे माणूस न उतरवता सक्शन टँकरने गाळ काढा.